घरचं घरी : काडेपेटीच्या काडीएवढी फट



मागच्या वेळी नळाच्या वायसरबद्दल लिहिलं होतं. ते वाचून आपल्या मंडळातल्या दोन-तीन मुलांनी घरी वायसर बदलला आणि एकाने नळच मोडला, अशी बातमी आली आहे. ज्याने मोडला त्याचं मला जास्त कौतुक वाटतं. आधी मुख्य कॉक बंद करायचा, हे आता तो जन्मभर विसरणार नाही.

या वेळचा विषय म्हणजे टाइल्सच्या मधल्या फटी. दुकानात याला ग्राउट म्हणतात, जुने गवंडी दरजा भरणं म्हणायचे, आणि आमच्या पांडेसऱ्यात कडिया नुसतं ‘सांधा’ म्हणतो. नाव काहीही असो, बाथरूममध्ये टाइल्सकडे सगळे बघतात आणि सांध्याकडे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. त्यापायी खालच्या घरातल्या माणसांशी मी दोन वर्षं खोटं बोललो. तेही सांगतोच.

आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. आबा अमळनेरहून भुसावळ पॅसेंजरने सुरतेला आले आणि जीआयडीसीतल्या डाइंग मिलमध्ये लागले. पंधरा वर्षं भाड्याच्या खोलीत काढून १९९७ साली त्यांनी हे घर घेतलं. बाथरूमच्या टाइल्स त्यांनी स्वतः निवडल्या. भिंतीला आठ बाय बाराच्या पांढऱ्या, त्यात निळ्या फुलांची एक पट्टी, आणि खाली खरबरीत फूटभर लादी. त्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो. आजच्यासारखे प्लॅस्टिकचे स्पेसर तेव्हा आमच्या कडियाने पाहिलेही नव्हते. दोन टाइल्समध्ये सारखी फट राहावी म्हणून तो काडेपेटीच्या काड्या खोचायचा. काडी साधारण दोन मिलिमीटरची, काम चोख होतं. माल सुकला की काड्या उपटायचं काम माझं होतं आणि शंभर काड्यांमागे आबा मला एक रुपया देत.

ही फट कशासाठी ठेवायची, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. टाइल्स एकमेकींना चिकटवून बसवल्या तर दिसायला जास्त सुंदर. आजही पुष्कळ लोक हौसेने तशा बसवून घेतात, त्याला ‘पेपर जॉइंट’ म्हणतात. पण टाइल उन्हाने, गरम पाण्याने किंचित फुगते, घर थोडं हलतं, खालचा माल आकसतो. जागाच ठेवली नाही तर टाइल उचलते किंवा तिचा कोपरा उडतो. शिवाय भट्टीतून निघालेल्या दोन टाइल्स तंतोतंत एका मापाच्या नसतात. मोरबीच्या कारखान्यांतून निघालेल्या टाइल्सवरही माप थोडं मागे-पुढे असतं. हा फरक सांधा पोटात घेतो. टाइल टिकावी म्हणून झिजायचं काम सांध्याचं, म्हणून दर काही वर्षांनी तो बदलावा लागतो. आमच्याकडे सत्तावीस वर्षांत तो एकदाही बदलला नव्हता.

आता खालचं घर. तिथे ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातलं एक कुटुंब राहतं. भाई लूम्सच्या खात्यात बारा तासांची पाळी करतात, भाभी घरी साडीला टिक्या लावायचं काम करतात, आणि त्यांचा मुलगा नववीत आहे. आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली त्यांच्या खोलीचा एक कोपरा येतो. त्या कोपऱ्यात त्यांचा जगन्नाथाचा देव्हारा आणि देव्हाऱ्याशेजारी मुलाची अभ्यासाची जागा.

दोन पावसाळ्यांपूर्वी भाई पहिल्यांदा वर आले. छताला ओल आली आहे म्हणाले. मी म्हणालो, “पाऊस किती पडतोय बघा ना, भाई. सगळ्यांच्याच भिंती ओल्या आहेत.” ते निमूट गेले. पुढच्या पावसाळ्यात परत आले, मी परत पाऊस पुढे केला. मनात मला ठाऊक होतं. आमच्या बाथरूममध्ये बादली ठेवायच्या जागी सांधे इतके खोल गेले होते की त्यात केस अडकायचे. पण कडियाने बाहेरूनच बघून “सगळं फोडून नवीन करायला साठ हजार” सांगितलं होतं, मुलीच्या शाळेची फी डोक्यावर होती, आणि माणूस पैशापुढे कसा आंधळा होतो ते तुम्हाला माहीत आहे.

मग दिवाळीनंतर, आकाशात एक ढग नसताना, एका रात्री त्यांच्या छताचा हातभर प्लॅस्टरचा पोपडा मुलाच्या दप्तरावर पडला. मुलगा दहाच मिनिटांपूर्वी उठून झोपायला गेला होता. भाई वर आले नाहीत. सकाळी जिन्यात मीच दिसलो तेव्हा एवढंच म्हणाले, “भैया, अब तो बारिश नहीं है.”

मी खाली जाऊन पाहिलं. पोपडा पडला तिथे स्लॅबची सळई दिसत होती, तांबूस गंजलेली. हे नीट समजून घ्या. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. ती जागा तो काँक्रीट फोडून घेतो. म्हणजे छताला दिसणारा पिवळट डाग हा रंगाचा प्रश्न नसतो, आत सळई फुगत असते. आणि देव्हारा त्यांनी प्लॅस्टिकच्या कागदाने झाकला होता. दोन पावसाळे तो तसाच झाकलेला होता. मी खाली कधी गेलोच नव्हतो, म्हणून मला माहीत नव्हतं.

बाथरूममधून पाणी झिरपतं म्हटलं की लगेच ग्राउट विकत आणू नका. पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं : भिंतीतल्या दाबाच्या पाइपातून, सांडपाण्याच्या नहाणी ट्रॅपमधून, किंवा फरशीच्या सांध्यांतून. पहिली दोन असतील तर ग्राउट भरून काही होणार नाही. मी तिन्हींची परीक्षा घेतली, आणि घेण्याआधी प्रत्येक वेळी खाली सांगितलं.

पाइपाची परीक्षा आपोआप झाली. अमळनेरला लग्न होतं, तीन दिवस घर बंद. मुख्य कॉक मी मुद्दाम चालू ठेवला. पाइप फुटका असता तर वापर नसतानाही ठिपकत राहिलं असतं. परत आलो तर भाभी म्हणाल्या, छत सुकत चाललंय. म्हणजे पाइप ठीक.

ट्रॅपसाठी पाण्याच्या नळीचं एक टोक थेट ट्रॅपच्या आत सोडलं आणि फरशीला थेंबही न लावता पंधरा बादल्या ओतल्या. रात्रभर वाट पाहिली, काही नाही.

मग ट्रॅपचं तोंड ओल्या फडक्याने गच्च बंद केलं आणि फरशीवर बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी भरून ठेवलं. खाली भाईंचा मुलगा टॉर्च घेऊन बसला. चार तासांनी तो जिन्यातून ओरडला. पहिला थेंब पडला होता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ग्राउट हे काही वॉटरप्रूफिंग नाही. वॉटरप्रूफिंगचा थर लादीच्या खाली असतो किंवा असायला हवा. आमच्या घरात तो किती उरला आहे हे फोडल्याशिवाय कळणार नव्हतं. पण वरून पाणी आतच गेलं नाही तर खालचा थर किती चांगला यावाचून फारसं अडत नाही. म्हणून आधी सांधे करायचे, पुन्हा पाणी भरून बघायचं, आणि तरीही थेंब पडला तर मात्र साठ हजारांची सोय करायची, असं ठरवलं. निळ्या फुलांच्या टाइल्स आता कुठेच मिळत नाहीत, म्हणून आबाही या ठरावाच्या बाजूने होते.

जुनं ग्राउट काढणं हे खरं काम. भरणं त्यापुढे पोरखेळ आहे. पहिल्या दिवशी मी मित्राकडून चार इंची ग्राइंडर आणला. तासाभरात दोन टाइल्सच्या कडेची चकाकी उडवली, बाथरूम पिठाच्या गिरणीसारखं झालं आणि मी तो परत देऊन आलो. ज्याचा हात बसलेला नाही त्याने ग्राइंडरच्या वाटेला जाऊ नये. ग्राउट काढायची छोटी हातकरवत हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती नसेल तर हॅक्सॉची दोन पाती एकमेकांवर ठेवून एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळा, अरुंद सांध्यासाठी याच्यासारखं हत्यार नाही. टाइल जेवढी जाड असेल त्याच्या निम्म्याहून जास्त खोलपर्यंत जुना माल निघाला पाहिजे. वरवर खरवडून त्यावर नवीन थापलं तर पापड निघावा तसं ते निघतं.

नाकाला चांगला मास्क बांधा. रुमाल नाही, मास्क. आणि सांध्यावर पाणी शिंपडत राहा म्हणजे धूळ बसते. या धुळीत वाळूचा सिलिका असतो. एक बाथरूम खरवडून कोणाला काही होत नाही, पण आपल्याच गुजरातेत खंभातला अकीकाचे खडे घासणाऱ्या कारागिरांना याच सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस होत आला आहे. रोज हे काम करणारा कडिया तोंड उघडं ठेवून करत असेल तर त्यालाही एक मास्क द्या.

चार संध्याकाळी लागल्या. आबा दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून देखरेख करत होते. तिसऱ्या संध्याकाळी निळ्या पट्टीच्या वरच्या सांध्यात पातं कशावर तरी अडलं. टोकरून काढलं तर काळी पडलेली अर्धी काडी निघाली. मी ती आबांच्या हातावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, “ही राहून गेली होती. तू शंभराचा रुपया घेतला होतास, नव्व्याण्णवच काढल्यास.” मी म्हटलं, आता काढली. तर म्हणाले, “सत्तावीस वर्षं उशिरा.” काडी त्यांनी खिशात टाकली.

एवढे दिवस अंघोळीचं काय, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे बाथरूम एकच. हिने सुचवलं की भेस्तानला तिच्या बहिणीकडे जाऊन येऊ या. पण सकाळी शाळा, कामं, कसं जमणार? दुसऱ्या दिवशी भाभीच वर आल्या आणि म्हणाल्या, आमचं बाथरूम सकाळी सातनंतर रिकामंच असतं. ज्यांच्या डोक्यावर आम्ही दोन वर्षं पाणी गाळलं त्यांच्या घरी आम्ही टॉवेल घेऊन रांगेत उभे राहिलो. मला तर पाणी अंगावर घेताना मान वर करवत नव्हती. फक्त आई गेली नाही. “दुसऱ्याच्या घरी कुठे अंघोळीला जायचं,” म्हणाली आणि मागच्या गॅलरीत साडीचा आडोसा करून बादलीभर पाण्यात भागवलं.

आता भरायचं काय? पूर्वी सरसकट पांढरं सिमेंट भरत. ते पाण्यात नुसतं कालवून भरलं की सुकताना आकसतं आणि बारीक चिरा पडतात. आजच्या ग्राउटच्या पाकिटात सिमेंटबरोबर बारीक पूड आणि चिकटपणा देणारं पॉलिमर असतं, म्हणून ते जास्त धरतं. पाकिटावर किती रुंदीच्या सांध्यासाठी ते आहे हे लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. तीन मिलिमीटरच्या आतल्या फटीला वाळू नसलेलं बारीक ग्राउट लागतं. दुसरा प्रकार इपॉक्सीचा. त्यात सिमेंट नसतंच. राळ आणि हार्डनर अशा दोन डब्या आणि भरणाची पूड एकत्र करायची, मग ते दगडासारखं होतं. पाणी पीत नाही, डाग धरत नाही. किंमत मात्र सिमेंटच्या ग्राउटच्या कित्येक पट.

मी अर्थातच स्वस्तातलं आणलं.

कालवताना पोरं नेहमी एक चूक करतात. पाणी जास्त घालतात, कारण पातळ माल फटीत सहज जातो. पण जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक भोकं राहतात. माल श्रीखंडासारखा हवा, पळीवाढ्या आमटीसारखा नको. कालवून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा, मग पुन्हा हलवा, आणि वरून पाणी घालू नका. रबरी पट्टीने टाइलच्या तिरप्या दिशेने दाबत भरा. सांध्याच्या रेषेत पट्टी ओढली तर भरलेला माल तीच पट्टी बाहेर खेचून आणते. पंधरा-वीस मिनिटांनी जवळजवळ कोरड्या स्पंजने तेही तिरपंच पुसा. जिथे भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट भरू नका. ती दोघं वेगवेगळी हलतात, तिथे कडक माल तडकतोच. तिथे सिलिकॉन मारा. ट्रॅपच्या जाळीभोवतीची फट आमच्याकडे सगळ्यात वाईट होती, तिथे अर्धा तास बसून एकेक मिलिमीटर भरला.

आणि भरून झालं की पंखा लावून सुकवायची घाई करू नका. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. म्हणून स्लॅबला पाणी मारतात तसं सांध्यांवरही दोन-तीन दिवस हलकं पाणी शिंपडायचं.

आठवड्याने पुन्हा ट्रॅप बंद करून पाणी भरलं. पूर्ण एक रात्र आणि एक दिवस. मुलगा टॉर्च घेऊन बसला, कंटाळला, जेवला, झोपला. थेंब पडला नाही. भाईंनी चहा पाजला. मी त्याच वेळी हा लेख लिहायला घेतला असता तर लेख इथे संपला असता.

उतराणीच्या सुमारास मी सहज खाली वाकून पाहिलं तर नवे सांधे खरखरीत झालेले, बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला येत होती. दीड महिन्यात! दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. तेवढ्यात आई बाथरूममधून बाहेर आली, हातात अ‍ॅसिडची बाटली.

आमच्या सोसायटीचं वापरायचं पाणी बोअरचं, खारट आणि जड. टाइल्सवर त्याचा पांढरा थर बसतो. तो थर जावा म्हणून आई दर रविवारी अ‍ॅसिड टाकून टाइल्स घासते. १९९७ पासून. तिच्या बाथरूमच्या टाइल्स आरशासारख्या असतात आणि याचा तिला सोसायटीभर मान आहे. मी म्हटलं, आई, हे टाकू नकोस. ती म्हणाली, “तुले काय समजस रे? अ‍ॅसिडशिवाय डाग जात नाही.”

मग मी तिला एक गोष्ट करून दाखवली, तीच तुम्ही घरच्या मोठ्यांना दाखवा (लहानांनी स्वतः करू नका, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा). टाइलच्या मधोमध अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला. काही झालं नाही. दुसरा थेंब सांध्यावर टाकला. तो फसफसला, बुडबुडे आले आणि दूधट पाणी झालं. टाइलवरची चकाकी काचेची असते, तिला हे अ‍ॅसिड लागत नाही. सांधा सिमेंटचा, म्हणजे चुन्याच्या संयुगांचा. अ‍ॅसिड त्याला विरघळवतं. पांढरा थरही चुन्याचाच, म्हणून तो जातो, पण त्याच्याबरोबर सांधाही थोडा जातो. सत्तावीस वर्षांचे रविवार मोजा. लादीखाली पाणी कोणी सोडलं होतं? आमच्या घरातल्या स्वच्छतेने.

एक धोका याहून मोठा आहे. अ‍ॅसिड टाकल्यावर वर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही टाकू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, ओळखपत्र आणि नोंदवही सक्तीची केली. ते अ‍ॅसिड हल्ल्यांमुळे. पण साफसफाईच्या नावाने बाटली अजूनही गल्लीत हातगाडीवर येते आणि आपण भाजी घ्यावी तशी घेतो.

आईने थेंब पाहिला, काही बोलली नाही आणि बाटली परत मोरीखाली ठेवली. मला कळलं की ही ऐकणार नाही. आईची सवय बदलण्यापेक्षा ग्राउट बदलणं स्वस्त, असा हिशोब करून मी फेब्रुवारीत फरशीपुरतं इपॉक्सी आणलं. पुन्हा खरवडणं आलं. इपॉक्सीला सांधे पूर्ण कोरडे लागतात, म्हणून बाथरूम पुन्हा चार दिवस बंद, आणि पुन्हा खालचं दार. कोणत्या तोंडाने विचारू, असा विचार करत जिना उतरलो तर भाभींनी दाराला आधीच आमच्यासाठी बादली काढून ठेवली होती. खरवडण्याचा आवाज त्यांना वरून ऐकू आला होता.

इपॉक्सीबद्दल दोनच सूचना. थोडं थोडं कालवा, कारण एकदा दोन डब्या एकत्र झाल्या की घड्याळ सुरू होतं. माझा पहिला गोळा निम्मा वापरायच्या आतच हातात आवळला. आणि टाइलवर लागलेलं लगेच पुसा. सिमेंटचं उद्या निघेल, याचं उद्या निघत नाही. आमच्या दाराजवळ एक अंगठ्याएवढा डाग कायमचा बसला आहे, पाहुण्यांना मी तो नक्षी म्हणून दाखवतो.

या खेपेला थंडी वाढली होती आणि गॅलरीत वारा होता. दुसऱ्या दिवशी आई टॉवेल घेऊन खाली गेली. भाभींच्या खोलीत ती पहिल्यांदाच गेली होती. अर्ध्या तासाने वर आली, ओले केस तसेच, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“त्यांनी देव झाकून ठेवला आहे,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“हाई आपलंच पानी शे का रे?”

मी हो म्हटलं. ती आत गेली, मोरीखालची बाटली काढली आणि मला म्हणाली, ही कुठे टाकायची ते बघ, गटारात नको. त्या दिवसापासून बाथरूममध्ये एक वायपर आला आहे. शेवटच्या माणसाने अंघोळ झाली की भिंतीचं आणि फरशीचं पाणी ओढून काढायचं. पाणी टाइलवर सुकलंच नाही तर थर बसत नाही. आधी मलाही पटलं नव्हतं की एवढं सोपं असेल. तीन महिन्यांत टाइल्सवर पूर्वीच्या निम्माही थर नाही, आणि जो आहे तो साबणाच्या पाण्याने नारळाच्या काथ्याने घासला की जातो. काथ्याची युक्ती भाभींची. नियम न पाळणाऱ्याला आई दारातून परत पाठवते. आबासुद्धा सुटत नाहीत.

खालचं छत दुरुस्त करायचं मी मार्चमध्येच म्हणालो होतो. कडियाने नकार दिला आणि तो बरोबर होता. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी निघायला महिने लागतात. ओल्यावर प्लॅस्टर आणि रंग चढवला तर पुन्हा पोपडे. मे संपेपर्यंत वाट पाहिली. मग सळईवरचा गंज घासून काढला, तिला गंजरोधक लावलं, त्यावर पॉलिमर घातलेला माल भरला आणि प्लॅस्टर केलं. खर्च मी दिला. भाई घ्यायला तयार नव्हते, हिने भाभींशी बोलून मिटवलं. रंग त्यांनी त्यांच्या पसंतीचा लावला, हलका पिवळा. रथयात्रेच्या आधी सगळं व्हायला हवं अशी त्यांची एकच अट होती.

रथयात्रेच्या सकाळी भाभींनी आम्हाला प्रसादाला बोलावलं. देव्हाऱ्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढलेला होता. भाभी तो घडी करून टाकून देणार होत्या, आईने मागून घेतला. वर आणून तिने तो शिवणयंत्रावर घातला आहे.

त्या दिवसापासून पाऊस सुरू आहे. मी रोज सकाळी खाली वाकून विचारतो, “भाई, छत?” आणि ते अंगठा वर करून दाखवतात.

पुढच्या वेळी गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह. वायसरवाल्या त्या मुलाने तोपर्यंत नवा नळ बसवून ठेवावा.